रात्रीचा अपघात आणि सत्यशोधनाची रीत

१ जानेवारी हा दिवस आपल्या समाजाच्या मनात भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाशी जोडलेला आहे. याच तारखेला, १९७८ साली, मुंबईजवळच्या समुद्रात एक भीषण विमान अपघात झाला. त्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. परंतु पुरावा म्हणजे काय, साक्ष कशी तपासावी आणि सत्यापर्यंत जाण्याची वाट कोणती, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास या घटनेचा मोठा उपयोग होतो. इतिहासाच्या अध्यापकाने विमान अपघातावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वास्तविक अपघाताचा तपास करणारा अधिकारी आणि इतिहासाचा अभ्यासक यांचे काम मुळात एकच आहे. घटना घडून गेलेली असते. ती पुन्हा घडवून पाहता येत नाही. मागे उरलेल्या अवशेषांवरून, नोंदींवरून आणि माणसांच्या बोलण्यावरून ती जुळवावी लागते. घटना रात्रीच्या अंधारात घडली असेल, तर हे काम अधिकच कठीण होते.

१. ‘सम्राट अशोक’चे अखेरचे उड्डाण

एअर इंडियाच्या ताफ्यात १९७१ साली पहिले बोइंग ७४७ विमान दाखल झाले. त्याला ‘एम्परर अशोक’ म्हणजे ‘सम्राट अशोक’ असे नाव देण्यात आले होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री हे विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी असे एकूण २१३ लोक होते. विमान पश्चिमेकडे झेपावले, किनारा ओलांडून समुद्रावर आले, ठरल्याप्रमाणे उजवीकडे थोडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. त्यानंतर ते डावीकडे कलू लागले. कल वाढतच गेला. जमीन सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर अरबी समुद्रात कोसळले. २१३ पैकी एकही जीव वाचला नाही.

विमान नामांकित कंपनीचे होते, वैमानिक अनुभवी होते आणि कोणतेही वादळ नव्हते. असे असता एवढे प्रचंड विमान दीड-पावणेदोन मिनिटांत समुद्रात जाते कसे? पहिला संशय घातपाताचा घेतला गेला. असा संशय येणे स्वाभाविक होते. मोठ्या दुर्घटनेचे कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, असे माणसाच्या मनाला वाटते. बॉम्ब, कट, शत्रू ही कारणे मनाला लवकर पटतात. परंतु एखादी गोष्ट मनाला पटणे वेगळे आणि ती सिद्ध होणे वेगळे. तपासाची सुरुवात हा भेद ओळखण्यापासून होते.

२. समुद्राच्या तळातून आलेली साक्ष

विमानाचे जे अवशेष समुद्रातून काढता आले, त्यांची तपासणी झाली. स्फोट झाला तर धातू आपली हकिकत सांगतो. पत्रा आतून बाहेर फाटतो, त्यावर बारीक खड्डे पडतात, जळाल्याच्या खुणा राहतात. येथे स्फोटाची किंवा आगीची कोणतीही खूण आढळली नाही. घातपाताची शक्यता अशा रीतीने पुराव्याच्या आधारावर बाजूला ठेवण्यात आली.

विमानातील दोन ध्वनिमुद्रक-नोंदयंत्रेही हाती आली. यांनाच आपण ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचा रंग नारिंगी असतो, म्हणजे ढिगाऱ्यात ती चटकन दिसावीत. एक यंत्र विमानाची उंची, वेग, दिशा यांची नोंद ठेवते. दुसरे चालककक्षातील संभाषण टिपते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉरन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या यंत्राची कल्पना मांडली. त्यांचे वडील १९३४ साली एका विमान अपघातात मरण पावले होते. मृतांना बोलता येत नाही. त्यांचे अखेरचे बोलणे मात्र जतन करता येते, हा या यंत्रामागचा विचार आहे.

या नोंदींतून जे चित्र समोर आले, ते असे. प्रत्येक मोठ्या विमानात कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण असते. विमान सरळ आहे, डावीकडे कलले आहे की उजवीकडे, हे त्यावरून कळते. कॅप्टनसमोरचे हे उपकरण बिघडले होते. उजवे वळण संपून विमान सरळ झाले, तरी त्यांचे उपकरण विमान उजवीकडेच कललेले दाखवत राहिले. ते दुरुस्त करण्यासाठी कॅप्टननी विमान डावीकडे वळवले. प्रत्यक्षात सरळ असलेले विमान त्यामुळे डावीकडे कलू लागले. आपल्या उपकरणात काहीतरी बिघाड झाल्याचे कॅप्टन बोलून दाखवतात, सहवैमानिकही आपल्या उपकरणाविषयी गोंधळात पडतो. मागे बसलेला तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, त्या एका उपकरणावर विसंबू नका असे सांगू पाहतो. तोवर वेळ संपलेली असते. विमान १०८ अंशांपर्यंत कलले, म्हणजे उभ्या रेषेच्याही पलीकडे गेले.

चौकशीचा निष्कर्ष असा होता की, उपकरण बिघडल्यामुळे कॅप्टनना विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही, त्यातून त्यांच्याकडून चुकीच्या दिशेने नियंत्रण झाले, आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरणे चालकांना जमले नाही. मृतांच्या नातेवाइकांनी विमान बनवणारी कंपनी आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या यांच्यावर अमेरिकेत दावे लावले. तेथील न्यायालयाने १ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे अपघातानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, त्या कंपन्यांवरील निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. १०१ सेकंदांच्या घटनेचा उलगडा करण्यास एवढा काळ लागला.

चालकांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत. विमान अपघाताच्या तपासाविषयी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली नियम स्वीकारले. ते ‘परिशिष्ट १३’ या नावाने ओळखले जातात. अशा तपासाचा हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, कोणाच्या माथी दोष मारणे हा नाही, हे त्यांचे मूळ सूत्र आहे. आपणही या घटनेकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

३. शरीराची खोटी साक्ष

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. उपकरण चुकले, हे मान्य. परंतु विमान आडवे होत असताना आत बसलेल्या माणसाला ते शरीराने जाणवू नये काय?

याचे उत्तर आपल्या कानात आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. मान वळली की द्रव हलतो आणि मेंदूला वळल्याची जाणीव होते. परंतु वळण संथ असेल किंवा बराच वेळ एकसारखे चालू राहिले, तर तो द्रव स्थिर होतो आणि मेंदूला आपण सरळच आहोत असे वाटू लागते. दिवसा डोळे ही चूक सुधारतात, कारण क्षितिज दिसते. रात्री समुद्रावर आकाशही काळे आणि पाणीही काळे असते. तेथे शरीर निःशंकपणे खोटी साक्ष देते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना क्षितिज दिसणार नाही अशा परिस्थितीत उड्डाण करावयास लावले. सर्वांचाच ताबा सुटला, आणि त्यास सरासरी १७८ सेकंद लागले.

विमानाच्या लहानमोठेपणाने यात फरक पडत नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतः एक छोटे विमान चालवत होते. ते समुद्रात कोसळले आणि तिघांचा मृत्यू झाला. केनेडी घराण्याचे नाव आले की कटाच्या कथा निघणारच, तशा त्या निघाल्या. तपास यंत्रणेने मात्र अंधारी रात्र, धुरकट हवा आणि समुद्रावर उतरताना वैमानिकाचे हरवलेले दिशाभान हेच कारण नोंदवले.

आपल्याला परिचित असलेले कालामसुत्त येथे नव्या अर्थाने उलगडते. केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले की, एखादी गोष्ट परंपरेने चालत आली म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. एवढा भाग आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पुढचा भाग मात्र बहुधा राहून जातो. केवळ तर्काला जुळते म्हणून, आपल्या मताशी मिळते म्हणून, वरवर संभवनीय दिसते म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही स्वीकारू नका, असे त्यात आहे. म्हणजे बुद्धांनी पोथीइतकाच आपल्या स्वतःच्या मनावरही पहारा ठेवावयास सांगितले. मला असे वाटते, एवढ्याने एखादी गोष्ट सत्य ठरत नाही. ती दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहावी लागते. चालककक्षात एकाहून अधिक माणसे आणि एकाहून अधिक उपकरणे असतात, ती याचसाठी.

इतिहासातही हीच रीत चालते. ज्या सम्राटाचे नाव त्या विमानाला होते, त्याचीच गोष्ट घ्या. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा शिलालेखांत ‘देवानंपिय पियदसि’ अशा राजाचे नाव मिळाले. हा राजा कोण? सिंहलद्वीपातील पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असावा असे अनुमान निघाले. परंतु १९१५ साली मस्की येथील शिलालेखात ‘देवानंपिय’ या उपाधीसोबत प्रत्यक्ष ‘अशोक’ हे नाव सापडले आणि अनुमानाला दगडाची साक्ष मिळाली. मस्की आज कर्नाटकात आहे. त्या वेळी ते, आपल्या बीडप्रमाणेच, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ग्रंथ आणि शिलालेख हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा सम्राट अशोक काळाच्या अंधारातून निश्चितपणे बाहेर आले.

४. ज्यांची साक्ष घेतली गेली नाही

आता दुसरी रात्र पाहू. ही रात्र आफ्रिकेतील आहे आणि तिचा उलगडा अद्याप झालेला नाही.

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड काँगोमधील युद्ध थांबवण्यासाठी वाटाघाटीस निघाले होते. १७ सप्टेंबर १९६१ ची रात्र संपून १८ तारीख लागली होती. त्यांचे डीसी-६ विमान उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, एन्डोला विमानतळाच्या वरून गेले आणि उतरण्यापूर्वीच जवळच्या जंगलात कोसळले. विमानात १६ जण होते. एक सुरक्षारक्षक जखमी अवस्थेत सापडला. त्याने आकाशात ठिणग्या दिसल्याचे सांगितले. सहा दिवसांनी तोही मरण पावला. विमानाचा ढिगारा विमानतळापासून सुमारे १५ किलोमीटरवर असूनही तो अधिकृतरीत्या सापडण्यास सुमारे १५ तास लागले. त्या वर्षीचा शांततेचा नोबेल पुरस्कार हॅमरशोल्ड यांना मरणोत्तर देण्यात आला. त्यांच्या जागी ब्रह्मदेशाचे ऊ थांट आले. ते बौद्ध होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

तेव्हा ऱ्होडेशियात गोऱ्या अल्पसंख्याकांची सत्ता होती. तेथील चौकशी आयोगाने १९६२ साली वैमानिकाची चूक हे कारण दिले. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने मात्र त्याच वर्षी घातपात किंवा हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणून निर्णय खुला ठेवला. त्या रात्री जंगलात कोळसाभट्टीवर काम करणारे कृष्णवर्णीय मजूर होते. त्यांच्यापैकी काहींनी आकाशात दुसरे विमान पाहिल्याचे, प्रकाशाचा झोत पाहिल्याचे सांगितले. ऱ्होडेशियाच्या आयोगाने आफ्रिकी साक्षीदारांचे हे म्हणणे अविश्वसनीय ठरवले. काहींना तर कोणी विचारलेच नाही.

पन्नास वर्षे गेली. स्वीडनचे योरान ब्योर्कडाल आणि ब्रिटिश इतिहास अभ्यासक सुझन विल्यम्स यांनी त्या हयात साक्षीदारांचा शोध घेतला. विल्यम्स यांचा ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर निवृत्त न्यायाधीशांच्या एका आयोगाने २०१३ साली पुन्हा तपासाची शिफारस केली आणि संयुक्त राष्ट्रांनी टांझानियाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद चांदे ओथमान यांच्याकडे काम सोपवले. बाहेरून झालेला हल्ला किंवा धोका हे अपघाताचे एक कारण असणे संभवनीय दिसते, असे त्यांनी २०१७ च्या अहवालात म्हटले. ‘संभवनीय’ या शब्दापलीकडे ते गेले नाहीत. काही राष्ट्रांच्या गुप्तचर व संरक्षण खात्यांची कागदपत्रे अद्याप पूर्णपणे खुली झालेली नाहीत, हे त्यांनी वारंवार निदर्शनास आणले.

रात्री आकाशात पाहिलेली गोष्ट चुकीची असू शकते. आवाज ऐकून मान वर केलेल्या माणसाला घटनेचा शेवटच दिसतो आणि तोच त्याला आरंभ वाटतो. म्हणून साक्ष ऐकणे म्हणजे ती मान्य करणे नाही. परंतु साक्षीदार कोण आहे हे पाहून त्याची साक्ष आधीच नाकारणे, हा तपासाचा घात आहे. त्या मजुरांचे जबाब त्याच आठवड्यात नीट घेतले असते, जागेवर नेऊन दिशा, वेळ, अंतर ताडून पाहिले असते, तर ते खरे की खोटे, याचा निर्णय तेव्हाच करता आला असता. आज तो जवळजवळ अशक्य आहे.

हा अन्याय आपल्याला परका नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात द्विजांचे साक्षीदार त्यांच्यासारखेच द्विज असावेत, शूद्रांचे शूद्र असावेत, अंत्यजांचे अंत्यज असावेत, असा नियम आहे. म्हणजे द्विजाच्या व्यवहारात अंत्यजाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मोल नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले, त्याचा एक अर्थ असाही आहे की, सत्य सांगण्याचा अधिकार जन्मावर अवलंबून राहणार नाही.

बाबासाहेब स्वतः पुराव्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे त्यांच्या १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरून दिसते. जर्मन कवी गटे याचा आधार घेऊन ते इतिहासकाराचे कर्तव्य सांगतात. खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित, यांची निवड करणे हे ते कर्तव्य होय. दुवे तुटलेले असतील तेथे अनुमान करावे लागते, हेही ते मान्य करतात. मात्र अनुमानाला अनुमानच म्हटले पाहिजे. ओथमान यांनी ‘संभवनीय’ हा शब्द जपून वापरला, तो याच शिस्तीने.

५. खालच्या आवाजाचे मोल

‘सम्राट अशोक’च्या चालककक्षात योग्य सूचना मागे बसलेल्या कनिष्ठ माणसाकडून आली होती. त्याआधी नऊ महिने, २७ मार्च १९७७ रोजी, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ लोक मृत्युमुखी पडले होते. तेथेही समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असा प्रश्न फ्लाइट इंजिनिअरने विचारला होता. कॅप्टनने तो उडवून लावला. अशा अपघातांच्या अभ्यासातून १९७९ नंतर वैमानिकांना एक नवे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ झाला. कनिष्ठाने निर्भयपणे बोलावे आणि वरिष्ठाने ते ऐकून घ्यावे, हे आता विमान चालवण्याच्या कौशल्याचाच भाग मानले जाते. समता ही नैतिक गोष्ट तर आहेच; तिच्यामुळे माणसांचे प्राणही वाचतात, हे विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून शिकून घेतले.

आपल्या जिल्ह्यात विमाने कोसळत नाहीत. येथील रात्रीचे अपघात वेगळे आहेत. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याकडे निघतात. उसाने भरलेली ट्रॉली अंधारात रस्त्याच्या कडेला उभी असते आणि मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. फडात पहाटे सर्पदंश होतो. दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात, ‘त्याची वेळ भरली होती.’ या एका वाक्याने तपास संपतो आणि पुढच्या अपघाताची वाट मोकळी होते. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर होते काय, दिवा होता काय, चालक किती तास झोपलेला नव्हता, दंश झालेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेले की दवाखान्यात, दवाखाना किती अंतरावर होता, हे प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही मृत्यूला नशीब म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि हे विचारताना केवळ मुकादमाचा जबाब पुरेसा नाही. कोपीच्या दारात उभ्या असलेल्या ऊसतोड बाईने काय पाहिले, हेही विचारले पाहिजे. कदाचित सर्वांत जवळून तिनेच पाहिलेले असेल.

या शाळेच्या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची मुले राहून शिकतात, ती केवळ नोकरीसाठी शिकत नाहीत. आपल्या आईबापांनी जे पाहिले ते नीट विचारून घेणे, लिहून ठेवणे, ताडून पाहणे आणि निर्भयपणे मांडणे, एवढे जरी त्यांना येथून नेता आले, तरी शिक्षणाने आपले काम केले असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

(माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हे प्रश्न मुलांसोबत चर्चेस घ्यावेत.)

१. ‘सम्राट अशोक’ विमानाच्या बाबतीत घातपाताची शक्यता कोणत्या पुराव्यावरून नाकारण्यात आली?

२. रात्री समुद्रावर उडताना शरीराची जाणीव का फसते? दिवसा ती का फसत नाही?

३. ‘साक्ष ऐकणे म्हणजे ती मान्य करणे नाही’ या विधानाचा अर्थ एन्डोलाच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.

४. मस्कीच्या शिलालेखाने कोणते अनुमान पक्के झाले? त्यासाठी दोन स्वतंत्र पुराव्यांची आवश्यकता का होती?

५. आपल्या गावात किंवा टोळीत रात्री घडलेला एखादा अपघात निवडा. जागेवर असलेल्या किमान तीन व्यक्तींना, त्यांत किमान एका स्त्रीला, स्वतंत्रपणे विचारून त्यांचे म्हणणे लिहून काढा. ‘निश्चित’, ‘संभवनीय’ आणि ‘ऐकीव’ अशा तीन रकान्यांत त्याची विभागणी करा.